गिरणी ओंडक्याच्या दारी

2020 साली आमच्या घरची दोन झाडं पडली. दापोलीजवळच्या आमच्या परसातला फणस 3 जूनला गेला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी माझ्या धाकट्या भावाच्या कुंपणालगतचा ओक 10 ऑगस्टला. फणस निसर्ग चक्रीवादळानं पाडला, ओक 'डेरेचो' नावाच्या वाऱ्यानं. दापोलीच्या घरचे आमचे नाना फोनवर भावाला म्हणाले, "तुझं नि माझं सुतक एकाच वर्षी आलं बघ."

फणसाची गोष्ट आधी सांगते, कारण ती लवकर आटपते. आमचं घर पाखाडीवर आहे. जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही अंगांना गडगे. गॅसची टाकीसुद्धा खांद्यावरून वर येते. फणसाचा बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा. त्यात दोन दारं, एक देव्हारा आणि झोपाळ्याची पाटी निघेल, असा सुताराचा अंदाज होता. लाकडाची गिरणी खाली, आठ-दहा किलोमीटरवर. गिरणीवाला म्हणाला, "ओंडका रस्त्यापर्यंत आणून द्या, पुढचं माझ्याकडे लागलं." रस्त्यापर्यंत आणणार कोण? आणि कसं? त्या दिवसांत चेन सॉवाल्याला तर देवासारखी मागणी होती, निम्म्या गावाच्या कौलांवर झाडं पडलेली. तो एका दुपारी आला आणि दोन-दोन फुटांचे ठोकळे पाडत सुटला. बुंध्यापाशी साखळी दोनदा अडकली, तेव्हा "दिवाळीनंतर येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. खालचा सहा फुटांचा तुकडा तेवढा राहिला. बाकीचा फणस दीड वर्ष बंबात जळला. पिवळाधमक गाभा, हळदीसारखा. नाना रोज सकाळी एकेक ढलपी आत सारायचे आणि काही बोलायचे नाहीत.

नानांच्या लहानपणी असं होत नसे. करवतवाले घरी यायचे. दोघंजण. ओंडका उंच घोडीवर चढवायचे, गेरूत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारायचे की लांबलचक लाल रेघ उठायची. मग एक वर उभा राही, एक खाली. वरचा रेघ सांभाळणार, खालचा ओढणार आणि डोक्याला मुंडासं बांधूनही डोळ्यांत भुसा घेणार. आठ-आठ दिवस त्यांचा मुक्काम ओटीवर असे. म्हणजे तेव्हा गिरणीच दोन पायांनी, खरं तर चार पायांनी, पाखाडी चढून घरी येत होती. पुढे ती खाली रस्त्यावर जाऊन बसली, आणि मोठं झाड पडलं की ते तिच्यापर्यंत पोचेना.

नंतर तिच्याभोवती कायद्याचं कुंपणही आलं. फणस हे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतलं झाड, साग, आंबा, ऐन, किंजळ यांच्या पंगतीला बसलेलं. आणि गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 1997 रोजी महाराष्ट्रातल्या नि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना लाकूडगिरण्या तत्काळ बंद करायला सांगितलं. जंगलं ज्या वेगानं गिरण्यांत शिरत होती ते पाहता हे होणं भागच होतं, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण परसात करवत गिरणी मांडणं हा आपल्याकडे छंद होऊ शकत नाही, एवढं त्यातून कळावं.

आयोवात तो छंद आहे. 2022 च्या जूनमध्ये मी भावाकडे गेले तेव्हा त्याच्या शेजाऱ्याच्या परसात तो पाहिला.

*

डेरेचो म्हणजे सरळ रेषेत धावणारं वादळ. चक्रीवादळ किंवा टोर्नेडो गरगरतो, हा नाकासमोर जातो. शब्द स्पॅनिश, अर्थ 'सरळ'. गंमत अशी की हवामानशास्त्रात तो रुजवला तो सीडर रॅपिड्सहून जेमतेम 40 किलोमीटरवरच्या आयोवा सिटीत, गुस्ताव्हस हिनरिक्स नावाच्या प्राध्यापकानं, 1888 साली. त्याच्याच अंगणात 2020 साली वाऱ्याचा वेग ताशी 225 किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. पाऊण-एक तासात शहरानं आपल्या वृक्षछायेचा निम्म्याहून जास्त भाग गमावला. भाऊ सांगत होता, "ताई, दुसऱ्या दिवशी घराबाहेर आलो तर सगळा रस्ता हिरवा. आणि आकाश एकदम जास्त." त्यातली बहुतेक झाडं चिरफाळून भुगा झाली. महापालिकेच्या मैदानावर त्या भुग्याचे डोंगर कित्येक महिने वाफाळत होते.

भावाचा ओक त्यातून वाचला तो शेजाऱ्यामुळे. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, निवृत्त यंत्रदुरुस्तीवाले. माझी भाची त्यांना 'ओक आजोबा' म्हणते. पुण्याहून भावाकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारतो, "हे ओक कुठले? सदाशिव पेठेतले का?" आजोबांना हा विनोद समजावून सांगितलाय. ते दर वेळी नव्यानं हसतात.

त्यांनी वादळाच्या तिसऱ्या दिवशी ओकाच्या बुंध्याचा नऊ फुटांचा तुकडा सोडवून घेतला, दोन आडव्या वाशांवर जमिनीपासून वीतभर उंच ठेवला आणि दोन्ही तोंडांना मेणाचा जाड लेप दिला. लाकडातलं पाणी तोंडांतून भराभर जातं, अंगातून सावकाश. म्हणून तोंडं आधी सुकतात, आकसतात आणि फाटतात. लेप दिला की तोंडालाही अंगाच्या चालीनं चालावं लागतं. फणसाच्या ठोकळ्यांच्या तोंडांवर आठवड्यात पडलेल्या चांदणीसारख्या भेगा मला आठवल्या. साधा ऑइलपेंट फासला असता तरी बरंच निभावलं असतं.

मी पाहिला तेव्हा ओंडक्याची साल सुटून गेली होती. सालीखालचा बोटभर रसकाठ मऊ पडला होता, नखानं उकरता येई. आतला गाभा मात्र टणटणीत. हा बर ओक, पांढऱ्या ओकांच्या कुळातला. या कुळाच्या गाभ्यातल्या नळ्या बुचासारख्या बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. दारूची पिंपं याच कुळातल्या लाकडाची करतात ती याचमुळे.

*

आजोबांची गिरणी दोन मोटारगाड्या उभ्या राहतील एवढ्या जागेत मावते. जमिनीवर दोन लोखंडी रूळ. त्यावर चार खांबांची एक चौकट पुढेमागे सरकते. चौकटीत दोन चाकं, आणि त्या चाकांवर पट्ट्यासारखं ताणलेलं दातेरी पातं. सव्वा इंच रुंद, कागदाच्या पुठ्ठ्याइतकं जाड. एक पेट्रोल इंजिन. पात्यावर ठिबकणारं साबणाचं पाणी, चीक चिकटू नये म्हणून. एक हँडल फिरवून पातं वर-खाली करायचं आणि चौकट हातानं ढकलत न्यायची. बस. पिठाच्या गिरणीत जेवढी गुंतागुंत असते तेवढीही इथे नाही.

अशा पट्ट्याच्या छोट्या गिरण्या अमेरिकेत घरोघर पोचू लागल्या त्या 1982 नंतर, इंडियाना राज्यात वुड-मायझर ही कंपनी निघाल्यावर. त्याआधी गोल करवतीचं राज्य होतं. गोल करवत एका कापात पाव इंच लाकडाचा भुसा करते, हे पातं जेमतेम दोन मिलिमीटर खातं. दहा काप घेतले तर तिकडे अडीच इंच लाकूड उडून जातं, इकडे इंचभरही नाही. एका फळीचा नाही तर दोन फळ्यांचा फरक.

अडचण एकच. या गिरणीच्या तोंडात जास्तीत जास्त 28 इंच जाडीचा ओंडका जातो. भावाचा ओक बुडाशी 42 इंच होता, शेंड्याकडे 38.

मी मनातल्या मनात आमच्या गिरणीवाल्याचं वाक्य ऐकू लागले: आणून द्या, पुढचं माझ्याकडे लागलं. आजोबा मात्र दोन संध्याकाळी नुसते खुर्ची टाकून ओंडक्यासमोर बसले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी भावाला पर्याय सांगितले. मोठ्या चेन सॉला चौकट जोडून सरळ आडव्या जाड फळ्या काढता येतात. या जोडणीला तिकडे 'अलास्कन मिल' म्हणतात. रुंदच्या रुंद पाट मिळतो, टेबलाला देखणा. पण एका कापाला अर्धा तास, धूर, आणि प्रत्येक कापात सुमारे एक सेंटिमीटर भुसा. ऑस्ट्रेलियात नि न्यूझीलंडमध्ये डोलत्या पात्याच्या गिरण्या निघाल्यात. त्यांचं गोल पातं उभं-आडवं फिरतं आणि कितीही मोठ्या ओंडक्यातून जागच्या जागी फळ्या सोडवत जातं. ती त्यांच्याकडे नव्हती. उरला तिसरा मार्ग: ओंडका आधी उभा चिरून दोन फाका करायच्या, मग चार. प्रत्येक चौथाई वीस इंचांची, ती गिरणीत जाते.

"आणि याच्यात फळ्या चांगल्या येतात," ते म्हणाले. सगळ्यात जास्त कष्टाचा मार्ग निवडणारी माणसं असं काहीतरी म्हणतातच. पण त्यांचं खरं होतं, ते पुढे कळलं.

*

आधी तोलाचा हिशेब. ओलं ओक पाण्याइतकंच जड असतं असं धरलं तर हा तुकडा सव्वादोन टनांच्या घरात जातो. त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरला तो उचलता येत नव्हता, लोटता येत होता. चिराईला लागलेल्या दोन दिवसांचं सार एवढ्यात आलं. प्रत्यक्ष कापण्यात गेलेला वेळ एकूण फार तर पाच तास. बाकी सगळा वेळ लोटणं, पाचर मारणं, मागे सरून बघणं, परत लोटणं. लाकूडकाम म्हणजे धार, असं मी समजत होते. मोठ्या ओंडक्याच्या बाबतीत ते पहार आणि धीर यांचं काम आहे.

दोन्ही तोंडांवर गाभ्याचा ठिपका शोधला. त्यातून ओळंबा सोडून उभी रेघ मारली, मग वरून खडूची दोरी ताणून टिचकी. निळी रेघ उठली. मी तिथल्या तिथे नानांना व्हिडिओ कॉल लावला. दापोलीत रात्रीचे साडेआठ. नाना म्हणाले, "गेरू नाही का त्यांच्याकडे?"

सॉच्या साखळीचे दातेही वेगळे घासलेले होते. झाड आडवं तोडायच्या साखळीचे दाते तिरपे असतात, 30 अंशांच्या आसपास. उभं चिरायच्या साखळीला 10 अंश पुरतात. इंजिन सुरू झालं, पट्टी रेघेवर आडवी टेकली आणि कापातून भुसा येण्याऐवजी लांब लांब तारा बाहेर पडू लागल्या. रेषा उभ्या चिरल्या की असं होतं. आजोबा त्यांना 'नूडल्स' म्हणाले. मला वाळवणाच्या खाटेवरच्या शेवया दिसल्या, आणि वास व्हिनेगरचा. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून सॉच्या पोटात अडकलेल्या शेवया बोटांनी उपसाव्या लागत, नाहीतर यंत्र गुदमरतं.

कापाच्या मागोमाग ते पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकत गेले. लाकडात दीडशे वर्षांचा ताण कोंडलेला असतो, कापलं की दोन्ही भाग एकमेकांकडे झुकून पट्टी चिमटीत धरू शकतात. आमच्या चेन सॉवाल्याची साखळी दोनदा अडकली ती अशीच असणार. पाचर प्लॅस्टिकची, कारण साखळी चुकून तिच्यावर गेली तरी दाते शाबूत राहतात.

दाते गेलेच, पण वेगळ्याच कारणानं. ओंडका चिरण्याआधी त्यांनी धातुशोधक यंत्र सगळीकडून फिरवलं होतं. चार खिळे आणि कपड्यांच्या तारेचा एक आकडा निघाला. वस्तीतलं झाड म्हणजे लोकांची खुंटी. पुण्यात क्लासच्या पाट्यांचे खिळे झाडांतून उपटायची मोहीम काढावी लागली, तिथे आयोवाला काय नावं ठेवायची? खिळ्याची जागा कापात आधीच कळते. लाकूड निळंकाळं होऊ लागतं, ओकातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की. हिरड्याच्या काढ्यात गंजकं लोखंड टाकून आपल्याकडे काळा रंग करतात, त्यातलीच ही करामत. पण मधोमध पोचल्यावर सॉ एकदम किंचाळला आणि ठिणग्या उडाल्या. आजोबांनी बटण दाबून यंत्र बंद केलं. धातुशोधक गप्प राहिला होता, निळा डागही नव्हता. आत होतं सिमेंट.

झाडाच्या ढोलीत सिमेंट भरायची अमेरिकेत एके काळी रीतच होती, दंतवैद्य दाढ भरतो तशी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृक्षवैद्य मंडळी मोठ्या अभिमानानं ती करत. झाड बिचारं वर्षानुवर्षं त्यावरून नवं लाकूड चढवत गेलं आणि ढोली बाहेरून नाहीशी झाली. धातुशोधकाला सिमेंट कळत नाही. साखळी गेली, निम्मी दुपार गेली. आजोबा घासणी घेऊन पायरीवर बसले. शिवी त्यांनी एकच दिली, तीही इतकी जुनाट की भाचीला कळली नाही.

*

त्या रिकाम्या दुपारी मापांवरून गप्पा निघाल्या. आपल्याकडे गोल लाकूड मोजायची जुनी पद्धत नाना फोनवरूनच सांगत होते: मधोमध वेढ मोजा, त्याची चौथाई घ्या, तिचा वर्ग करा, लांबीनं गुणा. या ओंडक्याचा मधला वेढ सुमारे 126 इंच, चौथाई साडेएकतीस. गुणाकार येतो 62 घनफूट. खरं घनफळ मात्र 78 च्या वर. ही पद्धत एडवर्ड हॉपस या इंग्रजानं 1736 साली कोष्टकं छापून रूढ केली, आणि ती साहेबाबरोबर आपल्या वखारींत आली. फरक पडतो तो गोलाला चौकोन मानल्यामुळे. शंभर घनफुटांमागे साडेएकवीस घनफूट हिशेबातून नाहीसे होतात. हे लाकूड पाठीमागून फळ्यांच्या कडांचा भुसा म्हणून जाणारच, असं व्यापारी म्हणतो. विकणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असावं.

आजोबांचं माप निराळं, डॉयलचं. शेंड्याचा व्यास इंचांत घ्या, चार वजा करा, वर्ग करा, फुटांतल्या लांबीनं गुणा, सोळानं भागा. उत्तर येतं 650 बोर्डफूट, म्हणजे 54 घनफूट. ते चार वजा करणंच मला गमतीचं वाटलं. मोठ्या ओंडक्याला चार इंचांनी विशेष काही होत नाही, आठ इंचांच्या पोराचा मात्र निम्मा जीव जातो. गरिबाकडचं बारीक लाकूड मोजताना माप जास्त खातं, हे तिकडेही आहेच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ओंडका उघडला. वरून अर्धा काप, मग ट्रॅक्टरनं लोटून पालथा, मग खालून अर्धा. शेवटची पाचर बसली तेव्हा आवाज झाला तो कापडाचं ठाण फाडल्यासारखा. दोन फाका सावकाश बाजूला कलल्या. कुणी काही बोललं नाही. भाचीनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ओलं आहे." दोन वर्षं पडून राहिलेलं लाकूड आतून ओलं, थंड आणि फिकट बदामी होतं. मधे हातभर राखाडी सिमेंटचा गड्डा, त्याच्या भोवती वळसा घालून गेलेल्या रेषा.

दुपारी चौथाया गिरणीवर चढल्या. प्रत्येक साडेपाचशे किलोची. एक फळी या अंगाची काढायची, चौथाई कलती करून दुसरी त्या अंगाची. दर फळीला ओंडका फिरवायचा. लांब दांड्याचा आकडा घेऊन, सगळी तरफेची मदत. चौकट ढकलायला मला दिलं. हातात जोर लागत नाही, कान लागतो. पातं गाठीवर आलं की सूर खाली येतो, तिथे चाल कमी करायची. नाही केली तर पातं वर चढतं आणि फळीला लाट येते. माझ्या दोन फळ्यांना लाट आली. त्या वेगळ्या ठेवल्यात, भावाच्या गॅरेजमधल्या मांडणीसाठी.

फळ्या चांगल्या येतात म्हणजे काय, ते तिसऱ्या फळीला दिसलं. ओकाच्या खोडात गाभ्यापासून सालीकडे पातळ पडदे जातात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. फळी नेमकी त्या आऱ्यांच्या दिशेनं निघाली की पडदे चिरफळून वर येतात आणि पृष्ठभागावर पैठणीच्या काठासारखी चमक खेळते. शिवाय अशी फळी वाळताना कमी आकसते. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत बर ओक आऱ्यांच्या दिशेला 4.4 टक्के आकसतं, वर्तुळाच्या दिशेला 8.8 टक्के. बरोबर दुप्पट. पाटाला वाक येतो, दार पावसात चिकटतं, ते या दोन आकड्यांतल्या भांडणामुळे.

संध्याकाळी फळ्या रचल्या. मधे इंचभर जाडीच्या काठ्या, एकावर एक नेमक्या ओळंब्यात, दीड-दीड फुटावर. वर जुना पत्रा, पत्र्यावर सिमेंटचा तो गड्डा वजन म्हणून. बाजू उघड्या. इंचाला एक वर्ष, असा तिकडचा ठोकताळा. आजोबांनी कडेच्या फळीवर पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि मला विचारून खाली देवनागरीत 'ओक' लिहून घेतलं.

*

गणपतीनंतर मी दापोलीला गेले. सहा फुटांचा तुकडा पडवीलगत होता तसाच, त्यावर कोंबडी बसलेली. जाडी 30 इंच. वाळत आलेला, वजन पाच-साडेपाचशे किलोच्या आत. अख्खा ओंडका पाखाडीवरून उतरणं शक्यच नव्हतं. पण चौथाई? सव्वाशे-दीडशे किलो. गावात लग्नाचे हंडे आणि पालख्या याच पायऱ्यांवरून उतरल्यात.

नवा चेन सॉवाला मिळाला, तरणा पोरगा. आधी हसला. मग साखळीचे दाते 10 अंशांनी घासून आणायला कबूल झाला. नानांनी गेरू भिजवला. ओळंबा सुताराचा, दोरी घरची. रेघ मारायची टिचकी नानांनी कुणाला दिली नाही. पाचरी मात्र लाकडाच्याच, शिवणीच्या, त्याच सकाळी तासलेल्या. शेवया आल्या, पिवळ्या. नानांनी मूठभर उचलून नाकाला लावल्या.

चार चौथाया, दोन बांबू, आठ माणसं, चार खेपा. वनखात्याचे कागद नानांनी आधीच करून ठेवले होते. टेम्पो गिरणीच्या दारात लागला तेव्हा गिरणीवाला चष्मा कपाळावर चढवून बाहेर आला. फणसाच्या त्या तिकोनी फाकांकडे बघत राहिला.

"हे काय हो नाना? लाकूड आणलंत की कलिंगड?"

"चीर आता," नाना म्हणाले. "एक फळी या अंगाची, एक त्या अंगाची. मी इथेच बसतो."